गेम झोनमधली रेसिंगची गाडी: कोटेशन वाचायचं कसं?

माझ्या मावसभावाने सांगलीत एका नव्या मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर अडीच हजार चौरस फुटांचा गाळा घेतलाय. गेम झोन काढायचाय. परवा रात्री त्याने व्हॉट्सॲपवर तीन कोटेशनं पाठवली. तिन्हींवर एकच नाव: ‘टू प्लेअर कार रेसिंग’. एकाचा भाव सहा लाख, दुसऱ्याचा बारा, तिसऱ्याचा वीस. फोटो बघावेत तर तिन्ही जुळ्या भावंडांसारखी. लाल सीट, काळं स्टिअरिंग, पडद्यावर धूर सोडत वळणारी गाडी. खाली त्याचा प्रश्न: ‘दादा, फरक काय?’

मी अशी मशीनं उघडून दुरुस्त करतो. त्यामुळे मला ती पुढून कमी आणि मागून जास्त दिसतात. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं, ते इथे जरा नीट मांडतो. गेम झोन आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाहीत. तालुक्याच्या गावीही मल्टिप्लेक्सशेजारी एखादा दिसतो, आणि त्यात पैसे घालणारे बरेचजण आधी हॉटेल किंवा कापडाच्या धंद्यातले असतात.

## आधी मशीन म्हणजे काय ते बघू

बाहेरच्या लाकडी-लोखंडी सांगाड्याला कॅबिनेट म्हणतात. आत एक कॉम्प्युटर, पुढे मोठा टीव्हीसारखा पडदा, खाली सीट, पेडल आणि स्टिअरिंग. बस. हा साचा फार जुना आहे. अटारी कंपनीने १९७४ साली ‘ग्रॅन ट्रॅक १०’ आणलं तेव्हाच त्यात स्टिअरिंग, गिअर आणि पेडल होते. १९८६ साली सेगाच्या ‘आउटरन’ने खेळणाऱ्याला सीटसकट डोलवलं. पन्नास वर्षांत पडदा बदलला, चित्र बदललं, पण माणूस बसतो तसाच आणि वळतो तसाच.

स्टिअरिंगमागे एक मोटर असते. गाडी भिंतीला घासली की ती मोटर स्टिअरिंगला उलटा झटका देते. याला म्हणतात फोर्स फीडबॅक. स्वस्त मशीनमध्ये मोटरऐवजी नुसती स्प्रिंग असते, किंवा मोबाइलसारखा थरथराट. दुकानात उभं राहून हा फरक दहा सेकंदांत कळतो. स्टिअरिंग एका बाजूला फिरवून सोडा. स्प्रिंगचं असेल तर फाटकासारखं आपटून मध्यावर येतं. मोटरचं असेल तर वळणावर जड होतं, रस्ता सोडला की खडखडतं.

सीटच हलवणाऱ्या यंत्रणेला मोशन म्हणतात. वीस लाखांचं कोटेशन मोशनचं होतं. बारा लाखांच्यात सीट स्थिर, पण फोर्स फीडबॅक चांगला. सहा लाखांच्यात काय होतं, ते पुढे सांगतो.

## धंदा बसलेल्या माणसावर चालतो

नवा मालक गेमची चित्रं बघतो. मी त्याला घड्याळ बघायला सांगतो.

एक शर्यत साधारण तीन मिनिटांची. एक उठणार, दुसरा बसणार, कार्ड लावणार, गाडी निवडणार, यात दीड मिनिट गेलं. म्हणजे साडेचार मिनिटांना एक खेळ, तासाला एका सीटवर तेरा. रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ हीच खरी कमाईची वेळ. दोन सीटवर मिळून शंभरेक खेळ झाले की मशीन भरलं, त्यापुढे रांग कितीही लांब असो. मोशनच्या मशीनला पट्टा बांधायचा, अटेंडंटने तपासायचा, शर्यत संपल्यावर सोडायचा. आणखी दीड मिनिट. आता तासाला दहाच. दोन सीटवर चार तासांत शंभरावरून ऐंशी. पंगतीत पान उचलायला उशीर झाला की पुढची पंगत अडते, तसंच हे.

आता पैशाकडे येऊ. बोर्डवर खेळाचा दर १०० रुपये लिहिलेला असतो. ते १०० गल्ल्यात येत नाहीत. जवळपास सगळे गेम झोन रिचार्ज कार्डवर चालतात आणि ‘१००० भरा, १३०० खेळा’ अशी योजना असते. म्हणजे शंभराच्या खेळाचे खरे मिळाले ७७. त्यातच धरलेला १८ टक्के जीएसटी काढा (७७ भागिले १.१८), हातात उरले ६५ रुपये. मावसभाऊ इथे गप्प झाला होता. त्याने सगळा हिशोब शंभरावर मांडला होता.

हे आकडे मी उदाहरणासाठी धरतोय, तुमच्या गावाचे तुम्ही घाला. दोन सीटच्या जोडीवर साध्या दिवशी २५ खेळ, शनिवार-रविवारी रोज ८०. महिन्यात बावीस साधे दिवस आणि आठ सुट्टीचे धरले तर ११९० खेळ, पासष्टने ७७,३५० रुपये. मशीनला आणि भोवतीच्या उभं राहायच्या जागेला ८० चौरस फूट. पण भाडं चालायच्या वाटेचं, काउंटरचं आणि स्वच्छतागृहाचंही द्यावं लागतं, म्हणून दुप्पट, १६० धरा. फुटाला १२० रुपयांनी १९,२०० झाले. वीज, पगाराचा वाटा, दुरुस्तीची शिल्लक मिळून २० हजार. उरले ३८ हजारांच्या आसपास. बारा लाखांची जोडी अडीच वर्षांच्या थोडं पुढे वसूल होते. वीस लाखांची, तेवढेच खेळ झाले तर, चार वर्षं ओलांडते. मग ‘मोशनचा दर जास्त ठेवू’ असं म्हणता येतं, आणि ते रास्त आहे. फक्त दीडशे रुपये देऊन सांगलीतला बाप मंगळवारी दुपारी पोराला बसवेल का, हे आधी स्वतःला विचारा.

## एक महागडं की दोन साधी?

माझं मत स्पष्ट आहे: आधी साध्या स्थिर सीटच्या दोन जोड्या, म्हणजे चार सीट, आणि त्या एकमेकांना जोडलेल्या. याला लिंक म्हणतात. मागून नेटवर्कची वायर जाते आणि चारही जण एकाच शर्यतीत धावतात. सेगाच्या ‘डेटोना यूएसए’ने नव्वदच्या दशकात आठ-आठ जणांना असं शेजारी बसवलं होतं. तीस वर्षांनीही काही ठिकाणी ते मशीन चालू दिसतं. चित्र आजच्या मोबाइलपेक्षा हलकं, तरी लोक बसतात. कारण शेजारी मित्र आहे.

एकटा माणूस एकदा खेळतो आणि उठतो. चौघे मित्र बसले की हरलेला म्हणतो, ‘परत एकदा’. त्या ‘परत एकदा’वर अख्खा धंदा आहे.

यात एक गंमत अशी की बहुतेक रेसिंग मशीनांत मागे पडलेल्याची गाडी गुपचूप थोडी वेगवान केलेली असते. ऑपरेटरच्या मेनूत ते ‘कॅच-अप’ नावाने चालू-बंद करता येतं. कुणी म्हणेल ही फसवणूक आहे. गल्लीत क्रिकेट खेळताना धाकट्या भावाला आपण कच्चं लिंबू म्हणून घ्यायचो. आउट झाला तरी बॅट त्याच्याच हातात. त्याशिवाय तो दुसऱ्या दिवशी आला नसता. कॅच-अप म्हणजे पडद्यावरचं कच्चं लिंबू. आई पहिल्यांदाच स्टिअरिंग धरते आणि लेकाच्या मागोमाग दुसरी येते, ते त्यामुळेच. मला विचारलंत तर ते चालूच ठेवा.

खरेदीआधी विक्रेत्याला चार मशीनं लिंक करून दाखवायला सांगा. ‘सपोर्ट करतं’ या शब्दावर जाऊ नका. मी असे दोन झोन पाहिलेत जिथे जोड्या वेगवेगळ्या वर्षी घेतल्या, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत, आणि चार सीट असूनही शर्यत दोघा-दोघांचीच राहिली.

## बसणार कोण?

सहा-सात वर्षांच्या पोराचा पाय पेडलला पोचत नाही. मग बाप त्याला मांडीवर घेतो, स्टिअरिंग पोराकडे, पेडल बापाकडे. म्हणून सीट रुळावर पुढे-मागे सरकणारी हवी आणि खटका मजबूत हवा. सीट न सरकणारं मशीन कितीही देखणं असलं तरी अर्धं गिऱ्हाईक गमावतं.

बाइकचं मशीन आपल्याकडे हमखास ओढतं. दुचाकीवर वाढलेला प्रांत आहे हा. पण त्यात शरीर डावी-उजवीकडे झुकवायचं असतं आणि तो झुकणारा सांधाच पहिल्यांदा ढिला होतो, कारण आपण बाइकवर दोघे बसतो. बाप पुढे, लेक मागे. कधी तिघे. मशीन एकासाठी बनवलेलं असतं. बाइक घ्याच, पण ती काउंटरसमोर, अटेंडंटच्या नजरेत ठेवा.

मोटरस्पोर्टचे शौकीन आणखी एक गोष्ट मागतात: सिम्युलेटर. खऱ्या गाडीसारखं स्टिअरिंग अडीच फेरे फिरतं, ब्रेक जड असतो, चूक केली की गाडी गरागरा फिरते. आर्केडच्या, म्हणजे गेम झोनमधल्या, मशीनमध्ये स्टिअरिंग पाऊण फेऱ्यातच संपतं आणि भिंतीला धडकलेली गाडी पुन्हा रस्त्यावर येते. सिम्युलेटर शिकायला अर्धा तास लागतो; मॉलमधल्या माणसाकडे तीन मिनिटं असतात. पुण्यात तासावर भाडं घेणारं सिम्युलेटरचं वेगळं दुकान चालू शकेल. कुटुंबांच्या गेम झोनमध्ये तो कोपऱ्यात धूळ खातो.

## ‘घरी प्लेस्टेशन आहे, मग इथे कोण येईल?’

घरी चहा होतो, म्हणून टपरी बंद पडलेली नाही. घरच्या खेळात सीट नाही, झटका नाही, आणि शेजारी ओरडणारे तीन मित्र क्वचित असतात.

या प्रश्नाचाच दुसरा अवतार जास्त धोक्याचा: ‘मग प्लेस्टेशनच कॅबिनेटमध्ये बसवून टाकू की!’ सहा लाखांच्या कोटेशनमध्ये साधारण हेच होतं. सुबक कॅबिनेट आणि आत घरगुती वापराचा गेम. अशा गेमचा परवाना खासगी वापरापुरता असतो. तिकीट लावून खेळवायचा हक्क त्यात येत नाही. शिवाय तो गेम तीन मिनिटांत संपायला बनवलेलाच नाही. सुरुवातीचे मेनू, खेळाडूचं नाव, सेव्ह करू का, अपडेट आलंय. रांगेतली माणसं वैतागून एअर हॉकीकडे जातात.

खरं आर्केड मशीन रिकामं असतानाही कामात असतं. दिवे लुकलुकतात, इंजिन गुरगुरतं, पडद्यावर नमुन्याची शर्यत पळते. उन्हाळ्यात रसवंतीगृहाच्या चाकाला घुंगरू का बांधतात? तेच काम. हे खास धंद्यासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्येच मिळतं.

## ‘चिनी माल नकोच का मग?’

असं काही नाही. क्वांगचौजवळच्या पान्यू भागात या मशीनांचे कारखाने दाटीवाटीने आहेत. तिथे उत्तमही बनतं आणि टाकाऊही. अमेरिकेतल्या रॉ थ्रिल्ससारख्या किंवा जपानी कंपन्यांच्या नावाचा माल महाग असतो, पण गेम त्यांचा स्वतःचा किंवा रीतसर परवान्याचा असतो. चिनी मशीन घेताना एवढंच विचारा की गेम कुणाचा, आणि परवान्याचा कागद कुठे. प्रसिद्ध गाड्यांचे लोगो पडद्यावर आणि परवाना मात्र नाही, असं असेल तर दूर राहा.

विचारायच्या आणखी दोन गोष्टी. ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स (व्हिडिओ)’ हा प्रकार २०१२ च्या आदेशापासून भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहे. आपलं मशीन त्यात मोडतं का आणि मोडत असेल तर नोंदणी क्रमांक काय, हे आयातदाराकडून लेखी घ्या. आणि भावात न्हावा-शेवा बंदरापर्यंतचं भाडं धरलंय की सांगलीच्या दारापर्यंतचं? आयात शुल्क, जीएसटी, क्लिअरिंग, ट्रक, क्रेन हे सगळं मिळून स्वस्त कोटेशन मधल्या कोटेशनला येऊन टेकतं.

क्रेन म्हणालो ते उगाच नाही. कॅबिनेट दीड-दोनशे किलोंच्या पुढे जातात आणि उंची सहा फुटांवर असते. एका गावी मॉलच्या सर्व्हिस लिफ्टचं दार मशीनपेक्षा चार बोटं अरुंद निघालं. मध्यरात्री काच काढून, बाहेरून दोर लावून मशीनं वर घेतली. मशीनची मापं सगळे घेतात, लिफ्टची कुणी घेत नाही.

## पाठीमागचं दार उघडायला सांगा

आता माझ्या आवडीचा भाग. विक्रेत्याला म्हणा, मागचं दार उघड. कुरकुरला तर उत्तर मिळालं.

आत काय बघायचं? पेडल आणि स्टिअरिंगची हालचाल मोजणारा सेन्सर. जुन्या पद्धतीचा घासून चालणारा असेल तर तो झिजतोच, आणि झिजला की गाडी आपोआप एका बाजूला ओढते. रेडिओचा आवाज वाढवताना खरखर यायची, त्यातलंच हे. न घासता चुंबकाने किंवा प्रकाशाने मोजणारा सेन्सर जास्त टिकतो. स्टिअरिंगची मोटर पट्ट्याने जोडलेली असते. तो पट्टा, गिअरचे छोटे स्विच, पंखे, वीजपुरवठ्याचा डबा आणि पेडलचे सेन्सर, एवढे सुटे भाग मशीनबरोबरच घ्या, कोटेशनमध्ये लिहून. शनिवारी संध्याकाळी पाचशे रुपयांच्या स्विचसाठी मशीनवर ‘बंद आहे’चा कागद चिकटवण्यासारखं दुःख नाही.

सर्वांत महत्त्वाचं, गेम ज्या डिस्कवर आहे ती खराब झाली तर पुढे काय? काही कंपन्या नवी प्रत पाठवतात, काही सॉफ्टवेअर एका छोट्या चावीसारख्या डोंगलला बांधतात. डोंगल हरवला की लाखांचं मशीन म्हणजे नुसतं फर्निचर. हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा.

बाकी शत्रू आपले स्थानिक आहेत. कोकणात आणि गोव्यात दमटपणा, घाटावर धूळ, आणि सगळीकडे उंदीर. पॉपकॉर्नचा काउंटर मशीनशेजारी ठेवलात तर पॉपकॉर्न सीटखाली जातं, त्यामागे उंदीर, त्यामागे वायर. वीज जाते-येते, त्यामुळे कॉम्प्युटरला यूपीएस द्या, पण मोशनच्या मोटरी त्यावर टाकू नका. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. लोखंडी सांगाड्याला हात लावून मुलं बसणार आहेत.

जुनं मशीन मिळत असेल तर लगेच नाक मुरडू नका. आतलं सर्व्हिस बटण दाबलं की बहुतेक मशीनांत हिशोबाचं पान उघडतं आणि एकूण किती खेळ झाले ते दिसतं. जुन्या गाडीचं किलोमीटर बघतो तसं ते बघा. तो आकडा नुकताच शून्यावर आणलेला दिसला, तर भाव पाडून मागा किंवा उठा.

## ‘गेमिंगवर बंदी आली ना?’

हा प्रश्न मावसभावाच्या सासऱ्यांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंदी आली ती ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांवर. शंभर रुपये देऊन तीन मिनिटं गाडी चालवायची आणि हात हलवत घरी जायचं, यात पैज नाही. चार मशीनांची लिंकही इंटरनेटवरची नसते, एकाच खोलीतली असते.

सासऱ्यांची भीती मात्र अगदीच निराधार नाही. ‘व्हिडिओ गेम पार्लरवर छापा’ हा मथळा आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय, कारण पार्लरच्या पाटीआड जुगाराची यंत्रं चालायची. महाराष्ट्राला लागू असलेला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो, आणि रेसिंग हे कौशल्यच. तरीही परवाना लागतो, तो रीतसर घ्या. रोख बक्षिसांची स्पर्धा भरवायची असेल तर आधी वकिलाला विचारा.

खरी भीती आगीची आहे. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनला आग लागली, २७ जण गेले, त्यात लहान मुलं होती. त्या जागेकडे अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्र नव्हतं. आपल्याकडे २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून दर जानेवारी आणि जुलैत ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. मॉलने दिलंय म्हणून आपलं झालं, असं मानू नका. आपल्या गाळ्याचा कागद आपल्या फायलीत असू द्या. रेसिंग मशीनचा इथे थेट संबंध येतो. त्यात फोम, रेक्झिन, प्लायवूड आणि वायरींचा गुंता असतो, आणि ती लांबलचक असल्याने बाहेर पडायच्या वाटेवरच बसवायचा मोह होतो. नकाशावर आधी वाटा आखा, मग मशीनं बसवा.

मावसभावाने शेवटी बारा लाखांच्या कोटेशनवाल्याला फोन लावला. दोन जोड्या, लिंक करून दाखवायच्या, सुटे भाग सोबत, भाव सांगलीच्या दारात. विक्रेता पहिल्या तिन्हींना हो म्हणाला. दाराच्या भावावर अजून घासाघीस चालू आहे. आणि काल मावसभाऊ टेप घेऊन मॉलची सर्व्हिस लिफ्ट मोजून आला.